पणजीत बायकांचा मोर्चा काढायचा तर

फोंड्यात माझा शिवणक्लास आहे. तिथं येणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया हल्ली विचारतात, "आपा, आम्हालाही मोर्चा काढायचाय, कसा काढतात?" कुणाला नळाचं पाणी हवंय, कुणाला कॉलेजच्या वेळेची कदंब बस, कुणाला कबरस्तानाला जागा. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. उदाहरण आमच्याच मोर्चाचं देणार, कारण त्यातला सगळा काथ्याकूट मला पाठ आहे. आमची मागणी निकाहच्या सरकारी नोंदणीची होती, जिला आपण सगळ्या नुसतं 'सही' म्हणतो.

मागणी कुणाच्या टेबलावर आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. बायका एकत्र बसल्या की भडाभडा बोलतात. नवरा आखातात आहे आणि पैसे पाठवत नाही. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. भावांनी वाटणीच्या वेळी नोटरीकडे नेऊन कसल्याशा कागदावर अंगठा घेतला, नंतर कळलं की तो हक्कसोडीचा होता. सगळं खरं असतं. पण 'स्त्रियांवरील अन्याय थांबवा' असं निवेदन घेऊन गेलात तर साहेब चहा पाजेल, 'नक्की बघतो' म्हणेल आणि तुमची पाठ वळली की कागद फायलीत टाकेल. अन्याय थांबवणं त्या एकट्याच्या हातात नाही हे त्यालाही ठाऊक असतं आणि तुम्हालाही. मागणी अशी शोधा की समोरच्याला 'हे माझ्या अखत्यारीत नाही' म्हणायची सोय राहू नये.

आमची गाऱ्हाणी ऐकता ऐकता लक्षात आलं की बरीचशी सहीपाशी येऊन अडतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा आणि 1910 चे लग्न-घटस्फोटाचे कायदे मुक्तीनंतरही चालू राहिले, संसदेच्या 1962 च्या कायद्यानेच ते चालू ठेवले. वारसाहक्काचा भाग आता गोवा सरकारच्या 2012 च्या कायद्यात आहे, आणि त्यात आईबापाच्या इस्टेटीत मुलगी मुलाच्या बरोबरीची. देशात इतरत्र मुसलमानांना लागू असलेला 1937 चा शरियत कायदा इथे लागू नाही. त्यामुळे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यातल्या मुसलमान बाईला नवराबायकोच्या मालमत्तेत निम्मा वाटा आहे. तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. तोंडी तलाक चालत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. दुसरी बायकोही करता येत नाही. मुंबईतल्या माझ्या चुलत बहिणीला हे सांगितलं तर तिला मी थापा मारतेय असं वाटलं.

पण लग्नाचे हे हक्क कधी? नागरी निबंधकाच्या कचेरीत लग्न नोंदलेलं असेल तेव्हा. पहिली सही इराद्याची, मुदत गेल्यावर दुसरी सही लग्नाची. चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांना निबंधकाचा कागद आधी दाखवावा लागतो, म्हणून त्यांची सही सहसा चुकत नाही. आपल्यात काझीसाहेब निकाह पढवतात, बिर्याणी होते, पाहुणे घरी जातात आणि सही 'मागाहून करू'. मुलगी बेळगाव, हुबळी किंवा सावंतवाडीकडची असेल तर आणखीच, कारण तिकडे निकाहनाम्यावर भागतं आणि इथे भागत नाही हे तिच्या घरच्यांच्या गावीही नसतं. पुढे नवरा घर विकायला निघाला की ती निकाहनामा घेऊन वकिलाकडे जाते, आणि वकील पहिला प्रश्न विचारतो, सही झालीय का?

तर आमच्यापुढे दोन मागण्या आल्या. पहिली, निबंधक कार्यालयाने वस्त्यांत नोंदणीची शिबिरं घ्यावीत आणि लागणाऱ्या कागदांची यादी मराठी-कोंकणीत भिंतीवर लावावी. दुसरी, सहीचा कागद बघितल्याशिवाय कुणी निकाह पढवू नये. पहिली सरकारच्या टेबलावरची, दुसरी जमातीच्या, म्हणजे मशिदीच्या कमिटीच्या. या दोन एका निवेदनात घालू नका. दुसरी सरकारला सांगितलीत तर 'ही धार्मिक बाब' म्हणून ते दोन्हींतून हात झटकतं, आणि इकडे जमातवाल्यांना वाटतं बायकांनी आमच्यावर सरकार घातलं. माझं तर मत आहे की दुसरीसाठी मोर्चा काढूच नये. कमिटीवर जे पुरुष आहेत त्यांच्या बायका, आया, बहिणी गाठाव्यात, त्यांच्याकडे कुणाची मुलगी लग्नाची आहे ते बघावं आणि तिथून सुरुवात करावी. हे काम संथ होतं, पण होतं.

किती जणी हव्यात?

'पाचशे जमल्या पाहिजेत' म्हणणारी एकजण प्रत्येक बैठकीत असते. तिला समाजसुधारक हमीद दलवाईंच्या मोर्चाचं सांगा. 18 एप्रिल 1966 ला मुंबईत सात मुसलमान बायका त्यांच्याबरोबर चालल्या होत्या. सात. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व आणि हलाला (तलाकनंतर पहिल्या नवऱ्याकडे परतायला मधे दुसऱ्याशी लग्न करावं लागणं) बंद करा, ही त्यांची मागणी. लोकांनी टिंगल केली. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला तो 22 ऑगस्ट 2017 रोजी, म्हणजे मधे एकावन्न वर्षं गेली. घाई असलेल्यांनी हे अंतरही लक्षात ठेवावं.

गोव्यातही बायका गप्प नव्हत्या. 1981 मध्ये इथला कायदा बदलून धर्मानुसार वेगळे कायदे आणावेत का हे बघायला सरकारने समिती नेमली. शरियत हवी म्हणणारी एक संघटना पुढे आली, तेव्हा गोव्यातल्या मुसलमान महिला संघटना आणि युवकांची संघटना तिच्याविरुद्ध ठामपणे उभ्या राहिल्या. आज आपण ज्या निम्म्या वाट्याबद्दल बोलतो तो शाबूत राहिला त्यात त्या बायकांचाही हात आहे. आमच्या मुलींना दिल्लीतलं नागरिकत्व कायद्याविरुद्धचं शाहीनबागचं धरणं माहीत असतं, हे माहीत नसतं.

आकड्यापेक्षा मला वाटतं, प्रत्येक वस्तीतून निदान दोघी हव्यात. एकटी आली तर घरी परतल्यावर तिला एकटीलाच बोलणी बसतात. दोघी असल्या की बोलणारे निम्मे होतात.

घराघरात

याद्या दुपारी करा. पुरुष कामावर, पोरं शाळेत, बाई जेवून जरा टेकलेली. संध्याकाळी गेलात तर उत्तरं सासू देते. आणि 'तुम्हाला काही त्रास आहे का' असं विचारू नका, कुणीही 'अल्ला की मेहरबानी' म्हणेल. 'तुमचा सहीचा दाखला आहे का, बघू?' असं विचारा. ज्यांच्याकडे आहे त्या डब्यातून काढून आणतात. ज्यांच्याकडे नाही त्या थोडा वेळ डबा उघडझाप करतात, मग स्वतःच बोलायला लागतात. वहीत नाव लिहू नका. वस्ती, निकाहचं साल, सही आहे-नाही, नसेल तर कुठला कागद कमी पडतो, एवढंच. हा शेवटचा रकाना सोन्याचा. आमच्याकडे सगळ्यात जास्त अडलेल्या बायका बाहेरच्या राज्यातला जन्मदाखला नसलेल्या निघाल्या, आणि मागणीत त्याचाच उल्लेख आम्ही सगळ्यात वर केला.

आता परवानगीचा प्रश्न. पोलिसांची सोपी, घरची अवघड. तरण्या सुनांना मोर्चाला आणायचं तर आधी त्यांच्या सासवांना आणा. सासूला सांगायचं, "खाला, तुमच्या लेकीची सही झालीय का?" सुनेबद्दल विचारलं की ती ताठ होते, लेकीबद्दल विचारलं की खुर्ची पुढे ओढते. आमच्या मोर्चात सगळ्यात खणखणीत आवाज अशाच एका खालाचा होता. सून मागे पाण्याच्या बाटल्या वाटत होती.

मौलानासाहेबांना आधी कळवा. परवानगी मागायची नाही, कानावर घालायचं. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तो रुसवा वर्षभर पुरतो. ज्या पुरुषांना मदत करायची आहे त्यांना कामं द्या: पोरं सांभाळणं, पाणी, गाडीचं पार्किंग, म्हाताऱ्यांना बसमधून उतरवणं. माइक देऊ नका. एकदा दिला की परत मिळत नाही.

दुसऱ्या धर्माच्या शेजारणींना बोलवा. हा कायदा काही आपल्याच एकट्यांचा नाही. 1880 चा एक जुना हुकूम गोव्यातल्या हिंदू नवऱ्याला ठरावीक परिस्थितीत, म्हणजे बायकोला अमुक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर, दुसरं लग्न करू देतो. तो आज वापरात नाही म्हणतात, पण पुस्तकात आहे. माझ्या वर्गात येणाऱ्या एका वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी येतेच." ती आली, तिच्या दोन नणंदांना घेऊन आली.

पैशाचं थोडक्यात: वही ठेवा, पावती द्या, पक्षाची बस घेऊ नका. कदंब महामंडळाची गाडी भाड्याने मिळते, खाजगीही मिळतात. फुकटच्या बशीला समोर झेंडा लागतो.

तारीख

शुक्रवार नको, जुम्मा असतो. रमजान नको, रोज्यात दुपारचं ऊन आणि घोषणा जमत नाहीत. चवथीच्या आगेमागे नको, कारण शेजारणी येणार नाहीत आणि पोलीसही मोकळे नसतात. कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकांना पणजीचे रस्ते बंद. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, आणि त्याआधी नऊ दिवसांच्या नोव्हेना, म्हणजे प्रार्थना, सगळा हमरस्ता तिकडे वळलेला. जून ते सप्टेंबर पाऊस. डिसेंबर अखेर पर्यटक. मे महिन्यात चक्कर येऊन पडायची तयारी हवी. उरतं काय? ऑक्टोबर-नोव्हेंबरचे काही दिवस, आणि जानेवारीत एखादा आठवडा.

विधानसभेचं अधिवेशन चालू असेल तर आमदार पर्वरीत, विधानसभेच्या संकुलात, सापडतात हा फायदा. पण त्या काळात संकुलाच्या परिसरात जमावबंदी असते. पूर्वीचं 144 कलम, ते आता नव्या संहितेत 163 झालं आहे. अधिवेशनाच्या वेळी मोर्चा पणजीच्या आझाद मैदानावरच ठेवा आणि पर्वरीला चार-पाच जणींचं शिष्टमंडळ न्या. त्याहून बरं म्हणजे अधिवेशनाआधी आपल्या आमदाराकडून प्रश्न टाकून घ्यावा: गेल्या पाच वर्षांत तालुकावार किती नोंदण्या झाल्या, किती शिबिरं झाली. सभागृहात चाळीस आमदार आहेत, त्यांत 2022 च्या निवडणुकीतून आलेल्या बायका तीनच. आम्ही म्हणून एका पुरुष आमदाराच्या बायकोला गाठलं. प्रश्न गेला.

कागद आणि शिक्के

शांतपणे, हत्याराशिवाय एकत्र जमण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या कलमात आहे. सरकार त्यावर रास्त बंधनं घालू शकतं, वेळ-जागा ठरवू शकतं. त्यामुळे अर्ज करताना भीक मागण्याचा सूर नको आणि भांडणाचाही नको. अर्जात तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, जबाबदार बायकांची नावं आणि फोन. मी तीन प्रती करते: पोलीस ठाणे, वाहतूक पोलीस, उपजिल्हाधिकारी. मैदान ज्यांच्या ताब्यात असेल त्यांची परवानगी वेगळी, लाउडस्पीकरची वेगळी. हातातला भोंगाही त्यात धरतात हे विचारून घ्या. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं, तिथे भोंगा बंद. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती प्रत मोर्चाच्या दिवशी पर्समध्ये ठेवा. अर्ज मराठीत चालतो. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा असली तरी सरकारी कामात मराठी वापरायची तरतूद आहे. एका खिडकीवर आम्हाला 'इंग्लिशमध्ये आणा' म्हणाले, तेव्हा आम्ही वाद घातला नाही, फक्त 'हे तुम्ही लिहून द्या' म्हणालो. अर्ज लगेच घेतला.

रस्त्यातच ठाण मांडायची कल्पना कुणीतरी काढतंच. शाहीनबागच्या बायका 15 डिसेंबर 2019 पासून 24 मार्च 2020 पर्यंत बसल्या, आळीपाळीने, घर सांभाळून, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यानंतर 7 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, निदर्शनं ठरवून दिलेल्या जागी व्हावीत, असं म्हटलं. सहीच्या शिबिरासाठी पणजीचा पूल अडवायची गरजही नाही. चालत या, मैदानावर बसा.

प्रत्येकीच्या मनगटावर पेनाने दोन नंबर लिहा: आपल्या गटाच्या वकिलीणबाईंचा आणि 15100, हा विधी सेवा प्राधिकरणाचा. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. सूर्य मावळल्यावर बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने आधी न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. आमच्याकडे अटकेची वेळ आली नाही. महिला पोलीस तर आमच्याच बाटल्यांतलं पाणी प्यायल्या. तरी हे माहीत असलेली बाई वेगळ्या खांद्याने चालते.

रस्ता

मार्ग आधी स्वतः चालून बघा, आणि बरोबर गुडघे दुखणारी एखादी घ्या. आमचा होता कदंब बसस्थानक, पाटो पूल, मग मांडवीच्या कडेकडेने जुन्या सचिवालयावरून आझाद मैदान. अंतर थोडं, सावली कमी. बसस्थानकावर शौचालय आहे, तिथेच सगळ्यांनी जाऊन यायचं, पुढे भरवसा नाही. नदीकाठाला कॅसिनोवाल्यांची गर्दी असते, त्यांच्या गाड्या वळतात तिथे दोरी धरणाऱ्या दोघी उभ्या ठेवा. जुनं सचिवालय म्हणजे आदिलशहाचा राजवाडा. पुढे पोर्तुगीज राज्यकर्ते त्यात राहिले, मुक्तीनंतर विधानसभा तिथेच भरायची. तिथून जाताना आमच्या फोंड्याच्या बायका म्हणाल्या, आपली सफा मशीदही आदिलशाहीतलीच, 1560 ची. घोषणा विसरून पाच मिनिटं तीच चर्चा.

वाऱ्याचं आधी सांगायला हवं होतं. मांडवीवरून वारा भन्नाट येतो आणि कापडी फलकाचं शीड होतं. शिंपीण म्हणून हे मी ठामपणे सांगते: फलकाला जागोजाग अर्धचंद्राकृती काप द्या, वारा निघून जातो. कडेला दुमडून बोगदा शिवा आणि त्यात काठी न घालता कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी घाला. दुकानदार फुकट देतात, आणि लाठी म्हणून कुणी हरकत घेत नाही. जुन्या सुती बेडशीटवर ऑइलपेंट. अक्षरं हातभर उंच, एका फलकावर चारपाच शब्दांच्या वर नाही. फ्लेक्स छापू नका. फ्लेक्स म्हटलं की त्यावर कुणाचा तरी हात जोडलेला फोटो येतोच.

घोषणा बायकांच्या तोंडची असावी. लेखी भाषेतलं 'नोंदणी प्रक्रिया सुलभ करा' दुसऱ्या चौकापर्यंतही टिकत नाही. आमच्या खालांनी रचलेली टिकली: "आधी सही, मग कबूल है!" दुसरी दखनीत होती, "सही किए बगैर सेहरा नक्को!" वाटेतल्या दुकानदारांना हसू आलं आणि हसलेला माणूस विचारतो, कसली सही? तिथे एकीने थांबून पत्रक द्यायचं.

कपड्यांवर फतवा काढू नका, कुठल्याही बाजूचा. कुणी बुरख्यात येईल, कुणी स्कार्फ बांधून, कुणी साडीचा पदर घेऊन, कुणी पंजाबी ड्रेसमध्ये. पहिल्या रांगेत सगळ्या प्रकारच्या असू द्या. हे मुद्दाम सांगते, कारण छायाचित्रकार बुरखा शोधत येतात. एकाने आमच्या वहिनींना बाजूला व्हायला सांगितलं, फोटो 'बिघडतो' म्हणून. ज्यांना पेपरात चेहरा नको त्यांच्या मनगटाला पिवळी फीत बांधा, त्यांना आतल्या रांगेत ठेवा आणि हा नियम पत्रकारांना सुरुवातीलाच सांगा. बहुतेक जण पाळतात. आपल्याच मुली स्टेटसला फोटो टाकतात तो धोका जास्त. नवऱ्याला न सांगता आलेली एखादी असतेच.

जुहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, वेळ मधे येते. मैदानाच्या कडेला दोन चटया आणि वजूला एक कॅन पाणी ठेवलं की काम भागतं. साखर असलेल्यांसाठी बिस्किटं, सगळ्यांसाठी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. सॅनिटरी पॅड एका पिशवीत, आणि ती पिशवी कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत.

पत्रकार आणि तो एक प्रश्न

पत्रक एका पानाचं करा, आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचवा. संध्याकाळी पानं लागायला घेतात. बोलणाऱ्या दोघीच ठरवा. मुसलमान बायका दिसल्या की कॅमेरेवाला समान नागरी कायद्याबद्दल विचारणार, हे लिहून ठेवा. आणि मग रात्री टीव्हीवर तुमचं शिबिर कुठेच नसतं, दिल्लीतले चार पुरुष भांडत असतात. आमचं उत्तर पाठ केलेलं होतं: "गोव्यात लग्नाचा कायदा सगळ्यांना आहेच. तो आमच्या दारापर्यंत यावा एवढ्यासाठी आलोय. निबंधक आमच्या वस्तीत कधी येणार, ते तुम्ही त्यांना विचाराल का?" तेच उत्तर परत परत द्यायचं, वैतागून तो शेवटी तेच छापतो.

निवेदन

मैदानावर भाषणं अर्ध्या तासात उरका. ज्यांची सही राहिली त्यांच्यातल्या दोघी-तिघी दोनदोन मिनिटं बोलल्या तरी पुरे, आणि त्यांना तयारी करवून घेऊ नका. भाषणाच्या भाषेत आल्या की त्यांचं खरं म्हणणं पळून जातं.

शिष्टमंडळात पाच जणी: एक अडलेली, एक कागदं सांभाळणारी, एक वकील किंवा कायदा कळणारी, एक म्हातारी, एक लिहून घेणारी. राज्य निबंधकांच्या कचेरीत आत जाण्याआधी ठरवा की काय मिळालं तर उठायचं. आम्ही ठरवलं होतं, 'शिबिराची तारीख किंवा नकार, दोन्हींपैकी एक लेखी'. साहेबांनी मनुष्यबळ नसल्याचं सांगितलं. म्हातारीने विचारलं, "बाबा, मतदानाच्या वेळी मिळतं ना?" साहेब हसले, पण तारीख दिली नाही, 'विचाराधीन' असं लिहून दिलं. तेही घ्या. लिहिणारीने कोण काय बोललं ते तिथेच टिपायचं आणि त्याच दिवशी 'आज झालेल्या चर्चेनुसार' असं पत्र आवक करून टाकायचं. आवक क्रमांक मिळाला की सगळ्यांना फोनवर कळवा. बसमध्ये बसलेल्या बायकांना तो क्रमांक म्हणजे आपण काहीतरी हातात घेऊन चाललोय असं वाटतं.

त्यानंतर

महिन्याभरात हालचाल दिसली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तराची मुदत तीस दिवस. 'आमच्या निवेदनाचं काय झालं' असं मोघम विचारू नका. अमुक आवक क्रमांकाची फाइल कुठल्या तारखेला कुणाच्या टेबलावर गेली आणि तिच्यावर काय शेरे आहेत, त्यांच्या प्रती मागा. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पहिलं अपील तिथल्याच वरिष्ठांकडे. अर्ज दर वेळी वेगळ्या बाईच्या नावाने जाऊ द्या. एकीच्याच नावाने गेले की ती 'ती भांडखोर' ठरते आणि बाकीच्या घरी बसतात.

आमचं पहिलं शिबिर दुसऱ्या अर्जानंतर लागलं. शिबिर मिळालं की काम संपत नाही, आणि सरकारच्या भरवशावर तर मुळीच सोडायचं नाही. आदल्या आठवड्यात वहीतल्या प्रत्येक घरी जाऊन कागद तपासा: दोघांचे जन्मदाखले, रहिवासी दाखले, ओळखपत्रं. दाखल्यावर नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं असेल तर त्यांना आधीच वकिलीणबाईंकडे पाठवा, टेबलाशी पोहोचून परत फिरलेला नवरा पुन्हा येत नाही. नवऱ्यांना रजा काढायला लावायचं काम सासवांना द्या. झेरॉक्सचं दुकान जवळ नसेल तर कुणाच्या तरी घरचा प्रिंटर आणा, शाई भरून. दोन स्टेपलर, गोंद, निळी पेनं. खुर्च्या जास्त लागतात, साक्षीदारही येतात. आणि निबंधकांच्या माणसांना जेवायला घाला, पण बिर्याणी सह्या झाल्यावर.